टेलिफोटो लेन्सची निवड : काही हिशेब, काही अनुभव

आमचे निघोजे गाव इंद्रायणीच्या उत्तर काठावर आहे. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी, नदीपलीकडे तळवडे आणि पाठीशी चाकणची औद्योगिक वसाहत. अशा ठिकाणी निसर्गाचे फोटो कसले काढतोस, असे वर्गमित्र विचारतात. त्यांना एवढेच सांगतो की, पहिल्या पाळीच्या बसगाड्या रस्त्याला लागतात तेव्हा वंचक, शेकाट्या, टिटवी आणि खंड्या आपापल्या कामावर आधीच हजर असतात. नदीला फेस येतो, पाण्याला वास येतो, हे खरे. शेकाट्या त्यातच उभा असतो.

मामेभाऊ लग्नाची शूटिंग करतो. त्याने नवा कॅमेरा घेतला व जुना कॅनन मला दिला. त्यासोबतच्या १८-५५ मि.मी. लेन्सने काढलेल्या फोटोत खंड्या शोधून दाखवावा लागे. तेव्हा टेलिफोटो लेन्स घेणे आले. दोन सुट्ट्यांत पॅकिंगचे काम करून, घरी देऊन उरलेले अकरा हजार रुपये माझ्याजवळ होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. या बाबतीत सल्ला द्यायला घरात कोणी नव्हते आणि चूक परवडणारी नव्हती. म्हणून खरेदीआधी जो अभ्यास करावा लागला, तो येथे मांडत आहे.

दहावीला भिंगांचा धडा होता. कला शाखेत आल्यावर त्यातून सुटलो असे वाटले होते, पण तो नदीकाठी पुन्हा भेटला. लेन्सवर लिहिलेला २५० किंवा ६०० हा आकडा म्हणजे तिचे नाभीय अंतर. टेलिफोटोची खुबी अशी की, पुढे बहिर्वक्र व मागे अंतर्वक्र भिंगांचा गट बसवल्याने नळी नाभीय अंतराच्या मानाने आखूड करता येते. लंडनच्या टी. आर. डालमायर यांनी १८९१ मध्ये अशा लेन्सचे पेटंट घेतले. परंतु घेणाऱ्याला याहून उपयोगी आहे ते एक साधे गणित : पक्ष्याच्या लांबीला नाभीय अंतराने गुणावे आणि पक्षी जितक्या लांब आहे त्या अंतराने भागावे. उत्तर म्हणजे सेन्सरवर, म्हणजे पूर्वी जेथे फिल्म असे तेथे, पडणाऱ्या प्रतिमेची लांबी.

आमचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २८ सेंटिमीटर. तो बसतो ती बाभळ आमच्या बांधापासून तीस मीटरवर आहे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२ मि.मी. रुंद. ५५ मि.मी.च्या लेन्सने खंड्या त्यावर अर्धा मिलिमीटर उमटतो. २५० ने सव्वादोन मिलिमीटर, म्हणजे रुंदीच्या दहाव्या हिश्शाएवढा. ६०० ने साडेपाचाच्या वर, म्हणजे पाव.

हा हिशेब पाहिल्यावर कोणीही ६००च घेईल. मीही तेच ठरवून पुण्यात एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हप्त्याने घ्या की दादा, महिन्याला कळणारसुद्धा नाही." घरी विषय काढला. आप्पा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "घे की मग, लागतंय तर. धाकटीच्या फीचं बघू पुढं." धाकटी त्या वर्षी बारावीत होती. ती तिथेच बसून पुस्तक वाचत होती. तिने पान उलटले नाही.

मग हप्त्याऐवजी सिग्माची १५०-६०० लेन्स एक दिवस भाड्याने आणली. तिचे वजन जवळजवळ दोन किलो. हातात धरून अर्ध्या तासात मनगट भरून आले. हाताच्या कंपाने फोटो हलू नये म्हणून सेकंदाचा किती भाग उघडझाप ठेवावी, याचा जुना नियम आहे : माझ्यासारख्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात नाभीय अंतराची दीडपट, किंवा थोडी जास्त. म्हणजे २५० ला १/४००, पण ६०० ला १/१०००. सकाळी सव्वासहाला नदीवर तेवढा उजेडच नसतो. लेन्समधील कंपरोधक सोय हाताचा कंप सावरते, खंड्याच्या मानेचा झटका सावरत नाही. उजेड वाढेपर्यंत दहा वाजले, आणि तोवर नांगरलेल्या रानावरची हवा तापून लहरू लागली. लांब लेन्स पक्ष्याबरोबर ती लहरही मोठी करते. त्या दिवशीच्या दोनशेवर फोटोंपैकी ठेवण्याजोगे चार निघाले.

रात्री वही घेऊन तेच गणित उलटे करून पाहिले. तीस मीटरवरून ६०० जेवढा खंड्या दाखवते, तेवढाच २५० साडेबारा मीटरवरून दाखवते. राहिलेले साडेसतरा मीटर विकत घ्यायचे की चालून जायचे, एवढाच प्रश्न होता.

अर्थात चालत गेलो तर खंड्या उडतो. पण बाभळीपासून दहा-बारा मीटरवर आमची मोटारीची खोली आहे. पंप रोज चालू-बंद होतो, माणसे ये-जा करतात. पक्ष्यांना तिची भीती राहिलेली नाही. खिडकीला गोणपाट लावले, त्याला भोक पाडले आणि कट्ट्यावर बाजरीची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला. इंग्लंडात १९०० च्या सुमारास रिचर्ड व चेरी कीर्टन या भावांनी पक्ष्यांजवळ जाण्यासाठी बैलाचे पोकळ सोंग करून त्यात कॅमेरा बसवला होता. आमच्याकडे शर्यतीच्या बैलाला माणसापेक्षा जास्त मान आहे, त्यामुळे तो प्रयोग सुचवायची माझी छाती नाही.

शेवटी कॅननची ५५-२५० लेन्स जुनी, आठ हजारांना घेतली. वजन ३७५ ग्रॅम. जवळात जवळ ८५ सेंटिमीटरवर ती फोकस करते, त्यामुळे फुलपाखरे व चतुरही मिळतात. भाड्याच्या लेन्सला २.८ मीटर मागे सरावे लागे.

लांब लेन्स निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. घरट्याजवळ जाऊच नये. तेथे लांबूनच फोटो घ्यावा, नाहीतर घेऊ नये. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा जेवढे अंतर ठेवील तेवढे आपणही पाळायचे असते. तिथे ४०० किंवा ६०० हवीच, आणि एका दिवसासाठी भाड्याने आणणे हाच आपल्यासारख्यांना मार्ग. उलट भिगवणचा रोहित माणसाच्या छातीएवढा उंच आणि थव्याने उभा, त्याला धाकटी लेन्सही पुरते. दुप्पट करणारे कन्व्हर्टर स्वस्त दिसते, पण उजेड चौथाईवर आणते. माझ्या लेन्सवर ते फुकटही घेऊ नये.

जुनी लेन्स घेताना एका बाजूने मोबाइलची बॅटरी मारून दुसऱ्या बाजूने पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी; किंमत कितीही उतरवली तरी परत यावे. मी पाहिलेल्या पहिल्या दोन लेन्समध्ये ती होती. बुरशी दमट हवेत धरते आणि आमचे घर नदीकाठी, म्हणून पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. तो डबा तूरडाळीचा होता. आई अजून त्याचे नाव काढते. धाकटी यंदा आपल्याच महाविद्यालयात प्रथम वर्षाला आहे; गोणपाटाचे भोक आता तिच्या उंचीला थोडे खाली पाडावे लागणार आहे.