चेन उघडून बघ

नाशिक

चि. मनूस,



डोंबिवलीच्या घराची वास्तुशांत झाली, आता हॉलसाठी एल आकाराचा सोफा घ्यायचाय, असं तू कळवलंस. तीन फोटो पाठवलेस आणि विचारलंस, "मामा, यातला कुठला टिकेल?" फोनवर दोन वाक्यांत सांगून भागलं असतं, पण मग तू ते विसरली असतीस. म्हणून सविस्तर लिहितोय. पत्र जपून ठेव आणि दुकानात जाताना बरोबर ने.

फोटोवरून मला यातलं काहीच सांगता येणार नाही. पस्तीस वर्षं मी कुशनचं काम केलं. दुरुस्तीला आलेले सोफे उलटे करायचे, खालचं काळं कापड फाडायचं आणि आत बघायचं, यात हयात गेली. बाहेरून सारखेच दिसणारे दोन सोफे आतून इतके वेगळे निघायचे, की एकाला हात लावावासा वाटे आणि दुसऱ्याचं गिऱ्हाइकाला काय सांगावं, हा प्रश्न पडे. सोफा टिकतो तो आतल्या चार गोष्टींवर: सांगाडा, स्प्रिंग किंवा पट्टे, फोम आणि शेवटी कापड. आपण खरेदी करतो नेमकी उलट्या क्रमाने, म्हणून फसतो.

आधी घराचं माप घे. सोफ्याची लांबी-रुंदी लिहून घे आणि हॉलच्या फरशीवर खडूने तो एल काढ. दोन दिवस तसाच राहू दे. गॅलरीचं दार उघडतं का, सासूबाई देवघराकडे जाताना वळसा पडतो का, ते आपोआप कळेल. जायच्या-यायच्या वाटेला दोन-अडीच फूट मोकळे हवेतच. मग लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि घराचं दार मोज. या सोफ्याचे दोन-तीन भाग सुटे होतात खरे, पण लांब भाग सहा-सात फुटांचा असतो आणि तो वळणावर अडतो.

डावा-उजवा हा घोळ तर नेहमीचा. कुणी सोफ्यासमोर उभं राहून डावीकडचा भाग सांगतं, कुणी सोफ्यावर बसून. घरी माल येतो तेव्हा लांब बाजू खिडकीखाली यायची ती दाराशी येते. म्हणून ऑर्डरच्या कागदावर हॉलचं चित्र काढ, खिडकी आणि दार दाखव, आणि दुकानदाराची त्यावर सही घे. पाय पसरायचा भाग दोन्ही बाजूंना लावता येत असेल तर फार उत्तम. उद्या घर बदललंत तरी सोफा बदलावा लागणार नाही.

सांगाडा सागवानाचाच हवा असा हट्ट नको. नीट वाळवलेलं साल, बाभूळ किंवा आंब्याचं लाकूडही उत्तम चालतं. चांगलं प्लायवूडही चालतं. भुसा दाबून केलेल्या बोर्डाला मात्र नाही म्हण. त्यात स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा पकड घेत नाही, आणि तुमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत तो फुगतो. तपासायची रीत सोपी आहे. सोफ्याचा पुढचा एक पाय सहा इंच उचल. दुसरा पुढचा पायही लगेच वर आला तर सांगाडा घट्ट. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाड्याला पीळ पडतोय, दोन वर्षांत कुरकुर सुरू होईल. मग खालचं कापड थोडं सोडवून दाखवायला सांग. कोपऱ्यात तिकोनी ठोकळे आणि स्क्रू दिसले पाहिजेत. नुसते खिळे आणि पिना दिसल्या तर उठून ये.

बैठकीखाली झिगझॅग स्प्रिंगा असतील तर त्या चार-पाच इंचांवर असाव्यात आणि आडव्या तारेने एकमेकींना बांधलेल्या असाव्यात. पट्टे असतील तर नवारीच्या पलंगासारखे आडवे-उभे गुंफलेले आणि ताणलेले हवेत. आपल्या जुन्या घरातला आजीचा पलंग आठव. नवार सैल झाली की आजोबा ती पुन्हा ताणून घेत, म्हणून तो पलंग तीन पिढ्या चालला.

आता फोम. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून इथे वेळ घाल. दुकानदार म्हणेल, "फोम हार्ड आहे." हार्ड असणं वेगळं आणि टिकणं वेगळं. टिकाऊपणा कळतो डेन्सिटीवरून, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो भरतं त्यावरून. बैठकीला किमान 32 डेन्सिटीचा फोम हवा, आणि रोज घरातली पाच माणसं बसणार असतील तर 40 चा. पाठीला त्याहून हलका चालतो, कारण तिथे भार कमी येतो.

हे तोंडी ऐकू नकोस, तोलून घे. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा छोटा काटा घेऊन जा. बैठकीच्या उशीची चेन उघड, खोळ काढ आणि नुसता फोम पिशवीत घालून काट्याला लाव. 24 इंच लांब, 24 इंच रुंद आणि 5 इंच जाड फोम 32 डेन्सिटीचा असेल तर दीड किलोच्या आसपास भरतो, 40 चा असेल तर एक किलो नऊशे ग्रामच्या आसपास. काटा आठ-नऊशे ग्रामवर थांबला तर तो 18 डेन्सिटीचा माल आहे, वर्षभरात खड्डा पडेल. आणि वजनाबरोबर डोळ्यांनीही बघ. रंगीबेरंगी तुकडे चिकटवून केलेला फोम वजनाला भारी भरतो. तो खालच्या थराला चालेल, पण बसण्याच्या थरात एकसंध फोमच हवा. चेनच नसेल, उशी चारी बाजूंनी शिवलेली असेल, तर ती शिवण तुझ्यासमोर उसवायला सांग. दुकानदार नाही म्हणाला तर तो सोफा घेऊ नकोस.

या बाबतीत माझी एक चूक तुला सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला एका निवृत्त शिक्षकांचा सोफा मी भरला. त्यांचं बजेट कमी होतं. मी हलका फोम घातला आणि त्यांना तसं सांगितलं नाही. दीड वर्षाने त्यांनी मला घरी बोलावलं. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "जरा बसा." मी बसलो तर खालची पट्टी मांडीला लागली. मी तो फोम स्वखर्चाने बदलून दिला, पण त्या घरात मान वर करून बोलता आलं नाही. तेव्हापासून फोमचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय मी खोळ शिवली नाही. चांगला कारागीर आतलं दाखवायला कधीच कचरत नाही, हे ध्यानात ठेव.

कापडाचं थोडक्यात सांगतो. चामड्यासारखं दिसणारं स्वस्त रेक्झिन घेऊ नकोस. दमट हवेत त्याचा वरचा थर सुटतो आणि पापुद्रे निघायला लागतात, त्याला दुरुस्ती नाही. घट्ट विणीचं कापड घे. नमुन्याच्या पुस्तकात मार्टिन्डेल नावाचा आकडा असतो, घासून कापड किती टिकतं त्याचा. घरी लहान मूल आहे, तेव्हा तो 25 हजारांच्या वर असू दे. खोळी काढून धुता आल्या पाहिजेत. तुझा फोटोतला क्रीम रंग सुंदर आहे, पण तुमच्या पश्चिमेच्या खिडकीत आणि पोराच्या वरण-भाताच्या हातांपुढे तो राहणार नाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांचाही विचार कर. बैठकीची उंची अठरा इंच आणि खोली बावीस इंचांपर्यंतच असू दे. त्याहून खोल बैठकीत वयस्क माणूस मागे टेकला की पाय अधांतरी राहतात आणि उठताना कुणाचा तरी हात लागतो. त्यांना बरोबर घेऊन जा आणि दुकानात पंधरा मिनिटं बसू दे.

आता पैशांचं. समज, 36 हजारांचा सोफा चार वर्षांत बसला, तर वर्षाला नऊ हजार पडले. 60 हजारांचा घेतलास, सात-आठ वर्षांनी 20 हजार खर्चून फोम आणि कापड बदललंस आणि तो पंधरा वर्षं चालला, तर वर्षाला साडेपाच हजारही पडत नाहीत. पण हा हिशेब सांगाडा चांगला असेल तरच जमतो. आजच हात आखडता घ्यावा लागला तर आकार लहान कर, तीन माणसांची बाजू आधी घे आणि कोपऱ्याची नंतर जोड, पण सांगाडा आणि फोम हलका घेऊ नकोस. उल्हासनगरचा फर्निचर बाजार तुला जवळ आहे. तिथे फोम आणि कापड स्वतः निवडून सोफा बनवून घेता येतो, तोही भाव विचार.

पक्कं बिल घे. त्यावर लाकडाचा प्रकार, फोमची डेन्सिटी आणि कापडाचं नाव लिहून घे. नुसतं "एल सोफा, एक नग" असं बिल भांडायला उपयोगी पडत नाही. वॉरंटी बहुधा सांगाड्याची असते, फोमची आणि कापडाची आहे का ते विचार. कबूल केलेलं मिळालं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

तुझ्या आईच्या घरच्या गाद्या आठवतात? दर काही वर्षांनी ती पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यायची आणि त्या नव्यासारख्या व्हायच्या. सोफाही तसाच घे, जो उघडता येतो, ज्यात हात घालता येतो, जो कुठलाही कारागीर पुन्हा भरून देऊ शकतो. पैसे देण्याआधी चेन उघड, काटा लाव आणि आकडा मला फोनवर सांग. मग मी हो म्हणेन.

जावईबापूंना आणि सासूबाईंना नमस्कार. पोराला गोड पापा.

तुझा
मामा