चाळीस मिनिटांचा उशीर
(इयत्ता चौथी)

तुम्ही धावण्याची शर्यत पाहिली आहे, बैलगाड्यांची पण पाहिली आहे. मी आज समुद्रातल्या शर्यतीची माहिती सांगणार आहे.

फ्रान्स आणि इंग्लंड या दोन देशांच्या मध्ये समुद्राची एक पट्टी आहे. तिला इंग्लिश खाडी म्हणतात. शाळेच्या नकाशावर ती माझ्या करंगळीएवढी सुद्धा नाही. पण अगदी अरुंद जागी मोजली तरी ती सुमारे ३३ किलोमीटर भरते. आपल्या गावाहून तालुक्याला जाऊन परत आले की तेवढे होते, आणि ते सुद्धा पोहून! सन १८७५ मध्ये कॅप्टन वेब हे प्रथम पोहून पलीकडे गेले. त्यांना २१ तास ४५ मिनिटे लागली. भारताचे मिहिर सेन १९५८ साली पोहून गेले.

त्या सुमारास तिथे देशोदेशीच्या पोहणाऱ्यांची शर्यत होत असे. १९५९ च्या शर्यतीत २३ देशांचे ५८ जण होते. त्यांत बायका फक्त ५. त्यांतली एक कलकत्त्याची आरती साहा. ती तेव्हा १८ वर्षांची होती. ती ११ वर्षांची असतानाच १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेली होती. म्हणजे माझ्यापेक्षा एकच वर्ष मोठी! मी अजून जिल्ह्याचे गाव पण पाहिले नाही.

या पोहण्याचे नियम कडक आहेत. अंगात ऊब देणारे कपडे घालायचे नाहीत. थंडीसाठी तेव्हा अंगाला ग्रीस फासत. माघात पहाटे हौदात हात घातला की कसे झोंबते, तसल्या पाण्यात तासन् तास राहायचे. सोबत एक होडी असते. ती वाट दाखवते, खायला देते. पण होडीला हात लावायचा नाही. लावला की संपलं.

२७ ऑगस्टला रात्री फ्रान्सच्या काठावरून सगळे निघाले. पण आरतीची होडी वेळेवर आलीच नाही. तिला ४० मिनिटे उशिरा निघावे लागले. मी गुरुजींना म्हटले, एवढ्या लांबच्या शर्यतीत ४० मिनिटांचे काय? मग गुरुजींनी फळ्यावर खाडी काढून दाखवली. तिथे भरती-ओहोटीमुळे पाणी सुमारे सहा तास एका बाजूला वाहते, मग उलटे फिरून दुसऱ्या बाजूला वाहते. आपले बाबा पावसाळ्यात नदीत पिंपळापाशी उडी घेतात आणि पलीकडे पार खालच्या उताराला निघतात ना, तसेच. फक्त तिथली नदी मधेच उलटी फिरते. म्हणून कोणत्या वेळी पाणी कुठे असेल याचा हिशेब करूनच निघायचे असते. आपण उशिरा फाट्यावर गेलो तर एसटी निघून गेलेली असते, तसे झाले.

इंग्लंडचा काठ ५ मैलांवर आला आणि पाणी उलटे फिरले. आरती हात मारत होती पण पुढे सरकेना. शेवटी तिला बाहेर यावे लागले. उशीर केला होडीवाल्याने आणि हरली ती. मला हे वाचून फार राग आला.

पण ती घरी गेली नाही. तिथेच राहिली. २९ सप्टेंबरला पुन्हा त्याच काठावरून पाण्यात उतरली. या वेळी शर्यत नव्हती, एकटीच. १६ तास २० मिनिटे पोहून ती इंग्लंडला सँडगेट येथे लागली. पाण्याने इकडे तिकडे ओढल्यामुळे तिला ४२ मैल पोहावे लागले अशी नोंद आहे. काठावर तिने आपला झेंडा फडकवला. खाडी पोहून जाणारी ती आशियातली पहिली स्त्री. १९६० साली तिला पद्मश्री मिळाली.

ऑलिंपिकमध्ये पण २००८ सालापासून उघड्या पाण्यातली १० किलोमीटरची शर्यत आहे. तिथे लांब काठीच्या टोकाला लावून प्यायला देतात. ते मला बघायचे आहे.

आरती लहानपणी आंघोळीला घाटावर जायची, तिथेच पोहायला शिकली. माझा दादा आमच्या विहिरीत शिकला, पाठीला वाळका भोपळा बांधून. मी काठावर बसून त्याचे कपडे सांभाळायची. आजी म्हणते, मुलीच्या जातीला काय करायचंय पोहून? आज पालक मेळाव्याला बाबा येणार आहेत. ते ही भिंत नक्की वाचतील. बाबा, दादाचा भोपळा माळ्यावर आहे. मी काल बघितला, अजून फुटलेला नाही.