फळी फोडण्याचा सराव : लाकूड की प्लॅस्टिक?

(द्वितीय वर्ष, कला)

कराटे किंवा तायक्वांदोचे प्रात्यक्षिक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकाच ठोशासरशी दुभंगणारी फळी येते. कोरियन भाषेत या प्रकाराला 'क्योकपा' म्हणतात, तर जपानी भाषेत 'तामेशिवारी'. 'तामेशी' म्हणजे पारख आणि 'वारी' म्हणजे फोडणे. आपल्या पंढरीच्या वारीशी त्याचा काही संबंध नाही! प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातात. सराव करणाऱ्यापुढे मात्र प्रश्न उरतो की, रोज फोडायला फळी आणायची कोठून? लाकडी फळी एकदाच फुटते. हल्ली दोन तुकडे पुन्हा जोडता येतील अशी प्लॅस्टिकची फळीही मिळते. या दोहोंचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम फळी फुटते कशी ते पाहू. दोन कडांवर टेकवलेल्या फळीच्या मध्यावर आघात झाला की ती किंचित वाकते. वरच्या बाजूला दाब पडतो, खालच्या बाजूला ताण. हा ताण असह्य झाला की तडा खालून सुरू होतो. जाडी दुप्पट केली तर ती मोडण्यास सुमारे चौपट बल लागते. मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर व स्टीफन विल्क यांनी १९७९ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कराटेच्या भौतिकशास्त्रावर लेख लिहिला. यांपैकी मॅकनेअर स्वतः कराटेतील ब्लॅक बेल्ट होते. पुढे ते अंतराळवीर झाले आणि १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत मृत्यू पावले. हात पूर्ण ताणला जाण्याच्या आधीच त्याचा वेग सर्वाधिक असतो. म्हणून नेम फळीवर न धरता फळीच्या पलीकडे धरावा, असे शिकवतात.

आता लाकडाकडे वळू. माझे वडील सुतारकाम करतात, त्यामुळे ही बाजू मला पुस्तकाआधी घरीच समजली. लाकूड तंतूंच्या दिशेने सहज चिरते, आडवे मोडायला फार जड जाते. म्हणून फळी टेकवलेल्या कडांना तंतू समांतर हवेत. मध्ये गाठ असली किंवा लाकूड ओलसर असले, तर तीच फळी हट्टी बनते. अमेरिकेतील वर्गांत साधारणतः १२ इंच चौरस आणि पाऊण इंच जाडीची पाइनची फळी वापरतात. एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या निघत नाहीत. त्यामुळे फळी फुटली नाही तर दोष ठोशाचा की गाठीचा, हे नवशिक्याला कळत नाही.

प्लॅस्टिकच्या फळीचे दोन भाग मधल्या सांध्यात एकमेकांत अडकवलेले असतात. पुरेसा आघात झाला की सांधा सुटतो. भाग जोडले की फळी पुन्हा तयार. कमी-अधिक कठीण फळ्यांना निरनिराळे रंग दिलेले असतात. मात्र वापराने सांधा सैल होतो आणि फळी पूर्वीपेक्षा सहज सुटू लागते. याकडे दुर्लक्ष केल्यास आपले बळ वाढले असा खोटा समज होतो.

खर्चाचाही विचार करावा. आठवड्यातून दोन दिवस, दर खेपेस एकच फळी धरली, तरी वर्षाला १०४ फळ्या होतात. प्लॅस्टिकची एक फळी घेताना महाग वाटते, पण वर्गणी काढून घेतली तर सारा वर्ग ती वापरू शकतो. शिवाय लाकूडही वाचते.

परंतु माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाताचा आहे. फळी फुटली तर हात पार जातो; न फुटल्यास आघाताचा जोर हातावरच उलटतो. शाळकरी मुलांची हाडे अजून वाढत असतात, त्यांना हा धोका अधिक. आमच्यासारख्या हातावर पोट असलेल्या घरांत दुखावलेला हात म्हणजे बुडालेली मजुरी. आणि माझ्यापुरते बोलायचे तर, ज्या हाताने फळी फोडायची त्याच हाताने परीक्षेचा पेपर लिहायचा असतो! म्हणून सोप्या फळीपासून पायरीपायरीने वर चढण्याची सोय मला मोलाची वाटते.

मग लाकूड टाकून द्यावे काय? तसे मुळीच नाही. प्लॅस्टिकची फळी रोज तोच प्रश्न विचारते, म्हणून कालच्यापेक्षा आज आपण कोठे आहोत ते समजते. लाकडाची फळी दर वेळी नवा प्रश्न विचारते. तंतू पाहणे, गाठ ओळखणे आणि एकाच संधीत मन स्थिर ठेवणे ती शिकवते. सन २००० पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या तायक्वांदोच्या पदकासाठी फळी फोडावी लागत नाही. येथे समोर प्रतिस्पर्धी नसतो, पारख स्वतःचीच असते.

सारांश, सराव प्लॅस्टिकवर करावा आणि परीक्षा लाकडावर द्यावी. नव्याने वर्गात येणाऱ्या मित्रमैत्रिणींनी मात्र आधी ठोसा नीट शिकावा आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच फळीला हात घालावा.