जुना ओटा काढताना भिंतीच्या टाइल्स कशा वाचवायच्या?



भवानीनगर परिसरात छत्रपती कारखान्याचा गळीत हंगाम संपला, की उन्हाळ्यात घराची राहिलेली कामं निघतात. त्यात स्वयंपाकघराचा ओटा बदलणं हे एक. कडप्पा चिरलेला असतो, कडा झिजलेल्या असतात, नाहीतर ओटा इतका ठेंगणा असतो की रोज कंबर दुखते. गटातून अंतर्गत कर्ज घेताना हिशोब फक्त नव्या ओट्याचा केलेला असतो. जुना ओटा काढताना भिंतीच्या टाइल्स फुटल्या, तर त्याच रंगाच्या टाइल्स पुन्हा मिळत नाहीत. मग सगळी भिंत नव्यानं करावी लागते आणि कर्जाचा हिशोब कोलमडतो. काम गवंडीच करणार असला तरी ते कसं करायचं हे आपल्याला माहीत हवं.

टाइल्स का फुटतात?

बहुतेक घरांत ओट्याची फरशी आधी बसवतात. तिची मागची कड इंच-दीड इंच भिंतीत खोचलेली असते. टाइल्स नंतर तिच्यावर टेकवून लावतात. अशी फरशी पहारीनं वर उचकटली, की ती पहिली धडक खालच्या ओळीतल्या टाइल्सना देते. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: भिंतीत खोचलेली फरशी वर उचकटायची नाही. आधी ती भिंतीपासून कापून सुटी करायची.

आधीची तयारी

१. सिलिंडर आणि शेगडी बाहेर न्या. नळाचा कॉक बंद करा. सिंक काढल्यावर सांडपाण्याच्या पाइपात कापडाचा बोळा घाला, म्हणजे राडारोडा आत जाणार नाही.

२. खालच्या दोन ओळींतल्या टाइल्स बोटानं वाजवून बघा. पोकळ आवाज येतो ती टाइल आधीच सुटलेली आहे. तिथं रुंद चिकटपट्टी लावा आणि गवंड्याला ती जागा दाखवा.

३. जमिनीवर गोणपाट किंवा जाड पुठ्ठा अंथरा.

४. वजनाचा अंदाज घ्या. ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि १ इंच जाड कडप्पा सुमारे ७५ किलो भरतो. एकट्या-दुकट्यानं उचलायचं हे काम नाही.

काढण्याचा क्रम

१. टाइल आणि फरशी यांच्यामधला व्हाइट सिमेंटचा सांधा करवतीच्या जुन्या पात्यानं हातानं खरवडून मोकळा करा. इथं घाई नको.

२. फरशीखाली लाकडी टेकू द्या. मग दगड कापायच्या कटरनं फरशीचे आडवे दोन-दोन फुटांचे तुकडे पाडा. असा एक तुकडा साधारण २५ किलोचा होतो.

३. शेवटी भिंतीपासून २ इंच जागा सोडून भिंतीला समांतर काप घ्या. एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत.

४. खालच्या विटांवरचा सिमेंटचा थर छिन्नीनं सोडवा आणि दोघांनी एकेक तुकडा उचला.

५. आता भिंतीला फक्त पट्टी उरली. तिच्या खालचा गिलावा आधी टोकरा. मग छिन्नीचं तोंड खाली किंवा आपल्याकडं ठेवून हलके ठोके मारा. पट्टी तुकड्या-तुकड्यानं खाली पडली पाहिजे. पहार लावायचीच झाली तर टाइलला टेकवू नका, मध्ये फळी धरा.

जिवाची काळजी

दगडाची धूळ फुप्फुसात बसते. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका जास्त असते, त्यामुळे तिचा धोका मोठा. तोंडाला चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. नुसता पदर बांधून भागत नाही. खिडकी उघडी ठेवा, लेकरांना आणि म्हाताऱ्या माणसांना बाहेर बसवा. धूळ दबावी म्हणून पाणी मारतात, पण मशीनची वायर, जोड आणि पिन ओली होता कामा नये.

नव्या ओट्याची उंची आधीच ठरवा

ताठ उभं राहून कोपर वाकवा. कोपरापासून साधारण ४ इंच खाली ओटा आला, तर पोळ्या लाटताना वाकावं लागत नाही. ओट्यापाशी रोज जी उभी राहते, तिचंच माप घ्यायचं. ओटा पहिल्यापेक्षा खाली घेतला तर मधली भिंत उघडी पडते. वर घेतला तर खालची ओळ कापावी लागते, नाहीतर नवी फरशी भिंतीत न खोचता टाइल्सच्या पुढं बसवून सांधा भरावा लागतो. तसं केलं तर खालचा आधार भक्कम हवा.

जुने तुकडे फेकू नका. न्हाणीजवळ धुणं धुवायला, पायरीला, नाहीतर पाण्याच्या टाकीखाली ते कामाला येतात.

बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या ओट्याची फरशी भिंतीत खोचलेली आहे का? ते कसं ओळखाल?
- टाइल्स फुटल्या तर खर्च कोणी सोसायचा, हे मजुरी ठरवतानाच गवंड्याशी बोलून कागदावर घेतलं का?
- कर्जाच्या अंदाजात ओटा काढण्याची मजुरी, राडारोडा वाहून नेणं आणि सांधे भरणं हे खर्च धरले आहेत का?