पुरात सापडलेला ट्रॅक्टर : सेल्फ मारण्याआधी काय तपासावे?

मेळघाटच्या डोंगरात पाऊस झाला की अंजनगाव, दर्यापूर भागात आभाळ कोरडे असतानाही शहानूर व चंद्रभागेला पाणी चढते. हे सारे पाणी पुढे पूर्णेला मिळते. पूर्णा फुगली की तिला मिळणारे नाले मागे तुंबतात आणि काल ज्या रपट्यावर पोटरीभर पाणी होते तेथे आज ट्रॅक्टर अडकतो. जुलै २०२१ मध्ये मोर्णेच्या पुराचे पाणी अकोला शहरातील वस्त्यांतही शिरले होते. म्हणजे वाहन पाण्यात घातलेच पाहिजे असे नाही. उभ्या वाहनापर्यंतही पाणी येते.

पाणी ओसरल्यावर वाफसा येतो, डवरणी खोळंबलेली असते आणि पहिला हात चावीकडे जातो. इंजिनाचे खरे नुकसान बहुधा येथे होते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवली जाते व तीत डिझेल फवारले की ते पेटते. तीन सिलिंडरचे सुमारे २५०० घनसेंटिमीटरचे इंजिन घेतले, तर एका सिलिंडरच्या वाट्याला ८३० घनसेंटिमीटर येतात. दाबाचे प्रमाण १७ ला १ धरले, तर पिस्टन वर आल्यावर माथ्याशी जेमतेम ५० मिलिलिटर जागा उरते. हवा तेवढ्यात मावते, कारण ती दबते. पाणी दबत नाही. अर्धा कप चहाहून थोडे जास्त पाणी आत असले, तरी पिस्टन वर येऊ शकत नाही आणि सेल्फच्या किंवा धक्क्याच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. धक्का मारणे किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढणे हे तर सेल्फपेक्षाही वाईट, कारण त्यात जोर कितीतरी पट असतो. ट्रॅक्टर ओढून काढावा, पण न्यूट्रलमध्येच.

आधी हे आठवा

पाणी चढले तेव्हा इंजिन चालू होते की बंद? निदानाची अर्धी वाट या प्रश्नात आहे. बंद इंजिनात पाणी हळूहळू शिरते. काही मोडलेले नसते आणि न फिरवता पाणी काढले तर बहुधा मोडतही नाही. चालू इंजिन धाडकन आवाज करून जागीच थांबले असेल, तर रॉड वाकला असल्याचा संशय धरूनच पुढे जावे. फडफड करत, धूर सोडत हळूहळू बंद पडले असेल, तर दोष डिझेलमधील पाण्याचा असू शकतो. तरीही पुढील तपासणी टाळू नये.

बॅटरीची तार काढून एअर क्लीनर उघडावा. कागदी फिल्टर ओला, फुगलेला असेल किंवा तेलाच्या वाटीत तळाशी पाणी असेल, तर पाणी सिलिंडरपर्यंत गेले असे समजावे. एअर क्लीनर कोरडा, पण सायलेन्सर बुडाला होता, तरी तोच संशय धरावा. अशा वेळी मिस्त्रीकडून सर्व नोझल काढून घ्यावेत, डिझेल बंद करण्याचा दांडा ओढून ठेवावा आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने सावकाश दोन-तीन फेरे फिरवावे. नोझलच्या भोकांतून पाणी उडते. तोंड जवळ नेऊ नये. फेरा मध्येच अडला तर जोर लावू नका. पूर्ण फिरले, तर प्रत्येक भोकात थोडे इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरवावे. हे काम त्याच दिवशी व्हावे. पाणी राहिले तर लायनर व रिंगांना गंज धरतो.

तेलाची पट्टी फसवते

चालत्या इंजिनात घुसळलेले तेल दुधाळ होते व लगेच ओळखू येते. उभ्या इंजिनात मात्र पाणी तळाशी बसते आणि पट्टीवर स्वच्छ तेल दिसते. म्हणून पातळी पाहावी. ती वाढली असेल, तर हे जादा तेल कोठून आले? काही तास सपाट जागेवर उभे ठेवून चेंबरचा नट किंचित ढिला करावा. पाणी असेल तर तेच आधी येते. आढळल्यास सर्व तेल व फिल्टर बदलावा, १०-१५ मिनिटे इंजिन मंद चालवून ते तेलही काढून टाकावे. काही दिवसांनी तेल पुन्हा दुधाळ झाले आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर दोष नाल्याच्या पाण्याचा नव्हे, हेड गॅस्केटचा आहे.

डिझेल टाकीच्या तळाचे पाणी काढून फिल्टर बदलावेत व हवा काढावी. सुरू केल्यावर पांढरा धूर थोड्या वेळात थांबला तर चिंता नाही. थांबत नसेल, इंजिन एका सिलिंडरवर उणे चालत असेल, ठकठक येत असेल, तर इंजिन बंद करून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. वाकलेला रॉड आखूड होतो, पिस्टन पूर्ण वर येत नाही व त्या सिलिंडरचा दाब कमी भरतो. असे इंजिन काही दिवस ओढते आणि मग रॉड मोडून ब्लॉकच फोडते.

गिअरबॉक्सकडे सहसा कोणी पाहत नाही. तापलेले घर थंड पाण्यात गेले की आतील हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. बऱ्याच ट्रॅक्टरांत हेच तेल हायड्रॉलिकलाही जाते. तेल भरपूर लागते म्हणून बदलायला हात धजत नाही, पण त्याचाही तळाचा नट ढिला करून पाहावा. पुढच्या चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस पांढरट झाले असल्यास धुऊन नवे भरावे. काळ्या मातीचा बारीक गाळ तेथे घासत राहतो.

विमा असेल तर इंजिन उघडण्याआधी कंपनीला कळवावे व पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढावेत. पाणी गेल्यावर सेल्फ मारून झालेले नुकसान अनेकदा नाकारले जाते.