हृदयदौर्बल्य आणि ‘संभाव्य’ हा शब्द

‘हार्ट फेल्युअर’साठी माझे विद्यार्थी ‘हृदय बंद पडणे’ लिहितात. हृदय चालूच असते. शरीराला पुरेल इतके रक्त मात्र ते पुढे ढकलू शकत नाही. म्हणून मी ‘हृदयदौर्बल्य’ लिहितो. बंदच पडले असेल, तर उपचार कशावर करायचे?

उपचारांचे एक नवे लक्ष्य म्हणजे मायक्रोआरएनए. १९९३ साली सूत्रकृमीत सापडलेला, सुमारे २२ अक्षरांचा हा तुकडा प्रथिन घडवत नाही. जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला चिकटून तो निरोप दाबतो. (‘अक्षर’ हे रूपक वर्गात लगेच पटते.) मायक्रोआरएनए-१३२ वाढला की हृदयपेशी फुगतात. त्याला पूरक अक्षरांच्या रेणूने बांधून ठेवणारे औषध २८ रुग्णांच्या चाचणीत तपासले, तेव्हा ते सुरक्षित वाटले. परिणामकारकता ठरवायला इतके रुग्ण अपुरेच.

मायक्रोआरएनए-२१ची गोष्ट अधिक बोलकी. २००८ साली तो रोखल्यावर उंदरांच्या हृदयातले तंतुमय व्रण कमी झाले. २०१० साली तो जन्मतःच नसलेल्या उंदरांतही व्रण तसेच झाले. भाषांतरात ‘संभाव्य लक्ष्य’मधला ‘संभाव्य’ गाळणाऱ्याचे गुण मी त्यामुळेच कापतो.