खुबा मोडला तर मालीश नको, दवाखाना गाठा



या महिन्याचा आरोग्याचा धडा आहे खुब्याच्या हाडाचा. पावसाळ्यात आपल्या सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडे अंगण शेवाळतं, न्हाणी कायम ओली असते. म्हातारं माणूस पाय घसरून पडतं आणि खुबा मोडतो. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात, म्हणून यात बायका जास्त.

ओळखायचं कसं?

पडल्यावर उठता येत नाही. जांघेत कळ येते. एक पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळतं. कधी पाय सरळ दिसतो, आजी लंगडत चालतातही, पण जांघेत किंवा गुडघ्यात दुखत राहतं. तेव्हाही खुब्याचा एक्स-रे काढाच. बारीक चीर त्यात कधी दिसत नाही. दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा, ते सीटी स्कॅन किंवा एमआरआय सांगतात.

गाडी येईपर्यंत

उभं करू नका, पाय ओढू नका, चोळू नका. दोन्ही पायांच्या मध्ये गोधडीची घडी ठेवा आणि १०८ ला फोन करा.

उपचार काय?

"वय झालं, आता ऑपरेशन कशाला?" असं घरोघरी म्हणतात. पण खाटेवर पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होते. जीवावर बेततं ते यामुळे. म्हणून तब्येत झेपत असेल तर दोन दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं. हाडाची मान मोडून सरकली असेल तर म्हाताऱ्या माणसाला बहुधा कृत्रिम गोळा बसवतात, कारण तिथला रक्तपुरवठा तुटतो. मानेच्या खाली मोडलं असेल तर सळई आणि स्क्रू टाकतात. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. घाबरून झोपवून ठेवू नका.

कागद नीट बघा

दवाखाना आजाराला कोड देतो. आयसीडी-१० या यादीत मांडीच्या हाडाची मान मोडली तर एस ७२.०, त्याखालचा भाग मोडला तर एस ७२.१. या कोडात डावा-उजवा नसतो, म्हणून बाजू शब्दांत लिहिलेली हवी. निदान एक आणि ऑपरेशन दुसरंच लिहिलं, तर योजनेची मंजुरी अडकते आणि आजीचे दिवस वाया जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटा. आपलं ऑपरेशन इथे योजनेत बसतं का, ते आधीच विचारा. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

घरी येताना डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे मागून घ्या, जपून ठेवा. हाडं ठिसूळ झाल्याचं औषध लागेल का, तेही विचारा. नाहीतर दुसरा खुबा मोडायला वेळ लागत नाही.

गटाच्या बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गटात कोणाच्या घरी साठीपुढची माणसं आहेत? त्यांची कार्डं तयार आहेत का?
२. रात्री कोणी पडलं तर गाडी कोणाची? सोबत कोण जाणार?
३. प्रवासाला लगेच लागणारे पैसे अंतर्गत कर्जातून देता येतील का?

तिन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहा. आणि घरी गेल्यावर न्हाणीतलं शेवाळ आजच घासून काढा.